वीगन आहाराची माझी वही

दूध, दही, लोणी, चीज आणि अंडी आहारातून पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय मी घेतला, त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. निर्णयामागे प्राण्यांविषयीची भावना होती आणि तिच्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. म्हणून येथे तिची चर्चा करीत नाही. हे लेखन त्यानंतरच्या रोजच्या व्यवहाराविषयी आहे. वीगन आहार संतुलित आणि पोषक व्हावा यासाठी काही शिकून घ्यावे लागते, हे मला पहिल्या तीन महिन्यांत सुचलेदेखील नव्हते.

त्या तीन महिन्यांत मी केवळ वजाबाकी केली. मांस आणि मासे मी आधीपासूनच खात नव्हते, अंडी आठवड्यातून एखाद्या वेळी होत, दूध आणि दही मात्र रोज असे. ते बंद केल्यावर दुधाच्या जागी बदामाचे दूध आले, चीजच्या जागी खोबरेल तेलापासून बनवलेले चीज आले आणि बाकीचे ताट होते तसेच राहिले. वजन साडेतीन किलोंनी उतरले. भेटणारी माणसे कौतुक करू लागली आणि मीही त्या कौतुकावर विश्वास ठेवला. दुपारी तीनच्या सुमारास येणारी ग्लानी, दोन जिने चढल्यावर लागणारी धाप आणि कंगव्यात वाढत चाललेले केस या सगळ्याला ‘शरीर जुळवून घेत आहे’ असे एकच उत्तर मी स्वतःला देत राहिले. शेवटी घरच्यांच्या आग्रहाने आहारतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी कोणतेही प्रवचन न देता एवढेच सांगितले, की सात दिवस तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहा आणि ती वही घेऊन या. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या मंगळवारच्या पानावर सकाळी ४० ग्रॅम ओट, बदामाचे दूध एक पेला आणि एक केळे. दुपारी मोठा वाडगाभर भात, बटाटा आणि इतर भाज्या. संध्याकाळी चहा, बिस्किटे आणि एक सफरचंद. रात्री टोमॅटोच्या रसातला पास्ता आणि पुन्हा फळ अशी नोंद आहे. पाहणाऱ्याला हे जेवण चांगलेच वाटेल. भाज्या आहेत, फळे आहेत, तळलेले काही नाही. त्या दिवसाच्या प्रथिनांची बेरीज मात्र २९ ग्रॅम निघाली.

प्रौढ व्यक्तीला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, असा सर्वसाधारण हिशेब आहे. वनस्पतिजन्य प्रथिने पचनात थोडी कमी पडतात, म्हणून वीगन व्यक्तीने किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास धरावे, असे त्यांनी सुचवले. माझे वजन तेव्हा ५५ किलो होते. म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्म्यावर मी तीन महिने काढले होते आणि त्या निम्म्यातलेही जवळपास सगळे प्रथिन धान्याचे होते. शरीराला तयार करता येत नाहीत आणि अन्नातूनच घ्यावी लागतात अशी नऊ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, आहेत; त्यांपैकी लायसीन धान्यांत कमी असते, कडधान्यांत आणि सोयाबीनमध्ये भरपूर असते. उलट कडधान्यांत मेथिओनीन कमी असते आणि ते धान्यांत मिळते. या दोहोंची सांगड प्रत्येक घासात घालावी लागते असे मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते. ते खरे नाही. दिवसभरात दोन्ही गटांतले अन्न पोटात गेले तरी पुरते. माझ्या वहीत अडचण सांगडीची नव्हतीच, कारण सात दिवसांत कडधान्य फक्त दोनदा आणि तेही चार-पाच चमचे आले होते.

सर्वांत मोठी फसगत बदामाच्या दुधाने केली होती, किंवा खरे सांगायचे तर मी ती स्वतःची करून घेतली होती. गाईच्या एक पेला दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या दुधात ती साधारण ६ ते ८ ग्रॅम भरतात. बदामाच्या बाजारी दुधात बहुतेक वेळा एक ग्रॅमच्या आसपासच असतात, कारण त्यात बदाम थोडे आणि पाणी फार असते. हे सगळे खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेले होते. मी पुढची बाजू वाचून खोका घेत होते. खोबरेल तेलाच्या चीजमध्ये तर प्रथिने जवळजवळ नसतातच, आणि जे असते ते मुख्यतः संपृक्त स्निग्ध पदार्थ. चवीसाठी ते खायला हरकत नाही, पण त्याला चीजची जागा देणे मी त्या दिवसापासून सोडले.

मग बेरजेचे दिवस सुरू झाले. रोज सुमारे ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, ज्यातून १५ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने मिळतात; १०० ग्रॅम घट्ट टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर; सोयाबीनचे दूध एक पेला; आणि मूठभर शेंगदाणे. धान्य पूर्वीसारखेच ठेवले. एवढ्यावर बेरीज ५५ च्या पुढे गेली. कागदावर हे दोन मिनिटांत जमले, पोटाने मात्र तीन आठवडे घेतले. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने रोज दोन वाट्या राजमा आणि हरभरा खाल्ल्यामुळे झालेली अवस्था सविस्तर लिहिण्यासारखी नाही. एका बैठकीत मी पूर्ण वेळ पोट आवळून बसले होते, एवढे पुरे. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, त्या फोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. उपाय साधे होते: सालीशिवायच्या मसुरासारख्या डाळीपासून सुरुवात करणे, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देणे, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवणे आणि मात्रा आठवड्याला थोडी थोडी वाढवणे. जिवाणूंनाही नव्या खाद्याची सवय व्हावी लागते. चौथ्या आठवड्यात राजमा निमूटपणे पचू लागला.

याच काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, की माझा थकवा प्रथिनांच्या कमतरतेइतकाच उपाशीपणाचाही होता. भाज्या आणि फळे पोट लवकर भरतात, कारण त्यांत पाणी आणि तंतू पुष्कळ असतात. ऊर्जा मात्र कमी असते. पोट भरल्यामुळे भूक लागत नव्हती आणि भूक लागत नसल्यामुळे आपण कमी खात आहोत हे कळत नव्हते. शेंगदाणे, अक्रोड, तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांची भर घातल्यावर वजनाची घसरण थांबली. भोपळ्याच्या बियांतून जस्तही मिळते, जे धान्य आणि कडधान्यांतून येताना त्यांतल्याच फायटेट नावाच्या द्रव्यामुळे नीट शोषले जात नाही. भिजवणे, मोड आणणे आणि पीठ आंबवणे या क्रियांनी फायटेट कमी होते, म्हणून या जुन्या पद्धतींकडे मी आता चवीपलीकडच्या कारणानेही पाहते.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी आणि फेरिटिन १३ आले. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. मला हा निकाल अन्यायकारक वाटला, कारण मी पालक रोज खात होते आणि पालकात लोह असते हे लहानपणापासून ऐकत आले होते. वनस्पतींतले लोह ज्या स्वरूपात असते ते शरीर मांसातल्या लोहापेक्षा बरेच कमी शोषते, आणि पालकातले तर विशेषच कमी. पाळी चालू असलेल्या वयातल्या स्त्रीची दैनंदिन गरज अमेरिकेतील शिफारशींप्रमाणे १८ मिलिग्रॅम धरली जाते आणि शाकाहारी व्यक्तींनी तिच्या १.८ पट लक्ष्य ठेवावे असे तेथेच म्हटले आहे. तो आकडा ऐकून मी हताश झाले होते. आहारतज्ज्ञांनी त्यावर आकडा सोडून द्या आणि दिवसाची वेळ पाहा असे सांगितले. माझा चहा जेवण संपताच होत असे, कधी कधी जेवणाबरोबरच. चहा आणि कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. जीवनसत्त्व क मात्र उलट काम करते आणि त्याच जेवणात असेल तर लोहाचे शोषण वाढवते. म्हणून डाळीवर लिंबू, कडधान्याबरोबर कच्ची ढोबळी मिरची किंवा संत्रे, आणि चहा जेवणापासून किमान एक तास दूर अशी व्यवस्था लावली. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी तीन महिने दिल्या. त्या मनाने घेऊ नयेत, कारण जास्तीचे लोह शरीरात साठते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे फारशी नाही.

कॅल्शियमच्या बाबतीतही पालकानेच दगा दिला. त्यात कॅल्शियम आहे, पण पालकातल्याच ऑक्झलेट नावाच्या द्रव्याने बांधलेले, आणि त्यातले जेमतेम पाच टक्के शरीराला मिळते. दुधातले सुमारे ३० टक्के मिळते, तर कोबीच्या कुळातल्या केल किंवा ब्रोकोलीसारख्या भाज्यांतले त्याहूनही अधिक. मला पालक सोडायचा नव्हता. फक्त कॅल्शियमच्या रकान्यातून त्याचे नाव खोडले आणि तेथे कॅल्शियमच्या क्षाराने घट्ट केलेला टोफू, न सोललेले तीळ आणि कॅल्शियम मिसळलेले सोयाबीनचे दूध लिहिले. हा रकाना मी गांभीर्याने घेतला त्याला कारण होते. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या दीर्घकालीन अभ्यासाचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मी वाचले होते. सुमारे ५५ हजार लोकांच्या त्या अभ्यासात मांसाहारी गटाच्या तुलनेत वीगन गटात हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी अधिक आढळले आणि खुब्याच्या हाडाच्या बाबतीत तर ते दुपटीहून जास्त होते. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिने ही त्यामागची काही कारणे दिसली, सगळी नव्हेत. माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या वहीत या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायामही सुरू केला.

सोयाबीनच्या दुधाबद्दल एक छोटी गोष्ट सांगायलाच हवी. एकदा रिकामा खोका टाकून देण्यापूर्वी धुण्यासाठी कापला, तर तळाशी ओल्या खडूसारखा पांढरा थर बसलेला दिसला. बोटाला घासून पाहिला तर बारीक रवाळ लागला. मिसळलेले कॅल्शियम जड असल्यामुळे खाली बसते, आणि खोका न हलवता मी रोज वरचे दूध ओतून घेत होते. ज्यासाठी ते दूध विकत आणले होते, त्यातला बराच भाग मी कित्येक आठवडे कचऱ्यात टाकला होता. आता खोका उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक वेळी ओतण्यापूर्वी जोरात हलवते. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या जोरात.

आयोडीन तर माझ्या यादीत नव्हतेच. दूध बंद करण्याच्या उत्साहातच मी साधे आयोडीनयुक्त मीठही बंद करून ‘नैसर्गिक’ म्हणून जाडे समुद्री मीठ आणले होते. त्यात आयोडीन नगण्य असते. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, आणि अनेक ठिकाणी लोकांना त्याचा मोठा वाटा दुग्धजन्य पदार्थांतून मिळतो. मी दोन्ही दारे एकाच महिन्यात बंद केली होती. साधे मीठ परत आणले आणि प्रश्न मिटला. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचा पर्याय कोणीतरी सुचवला होता, पण काही शेवाळांत आयोडीन इतके जास्त असते की थायरॉइडला तेही बाधते, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

ओमेगा-३ या मेदाम्लांसाठी रोज एक मोठा चमचा जवसाची पूड घेते. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते, म्हणून आठवड्यापुरते दळून थंड जागी ठेवते. त्यातले मेदाम्ल शरीर डीएचए या उपयुक्त रूपात फारच थोड्या प्रमाणात बदलते, त्यामुळे काही जण शैवालतेल घेतात. माशांनाही ते मुळात शैवालांपासूनच मिळते. ड जीवनसत्त्वाची गोळी घेताना मात्र दुसऱ्या महिन्यात चिठ्ठी वाचून कळले, की त्यातले डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून काढलेले आहे आणि वरचे कवच जिलेटिनचे, म्हणजे तेही प्राण्यांपासूनचे, आहे. लायकेनपासून, म्हणजे दगडफुलासारख्या वनस्पतिसदृश जिवापासून, काढलेले डी-३ मिळते. ते शोधायला थोडा वेळ लागला.

सर्वांत गंभीर चूक बी-१२ या जीवनसत्त्वाची होती. मी निष्काळजी होते असे म्हणता येणार नाही. मी स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्या नेमाने घेत होते आणि त्यातून बी-१२ मिळते अशी माझी खात्री होती. नवव्या महिन्यात रात्री पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बसण्याची पद्धत, चप्पल, थंडी अशी कारणे काढून झाली. रक्तातले बी-१२ तपासले तर ते २४० आले, म्हणजे प्रयोगशाळेच्या मर्यादेत, पण खालच्या काठावर. तेवढ्यावर न थांबता डॉक्टरांनी मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी सांगितली. शरीराला वापरण्याजोगे बी-१२ कमी पडले की हे आम्ल वाढते, आणि माझे वाढलेले होते.

स्पिरुलिनात जे असते ते मुख्यतः छद्म बी-१२, म्हणजे रचनेने जवळचे पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी. खरे बी-१२ जिवाणू तयार करतात, आणि वीगन व्यक्तीसाठी त्याचे भरवशाचे मार्ग दोनच आहेत: ते मिसळलेले पदार्थ किंवा गोळी. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरू शकतो, म्हणूनच अनेकांना सुरुवातीला काही होत नाही आणि गोळीची गरज नाही असे वाटू लागते. माझे आधीचे दूध-अंडी बेताचेच असल्यामुळे साठाही बेताचाच असणार. शिवाय भाज्या आणि कडधान्यांतून मला फोलेट हे ब गटातले दुसरे जीवनसत्त्व भरपूर मिळत होते, आणि फोलेट भरपूर असले की बी-१२ च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जातो, मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतून चालू राहते. ‘माझ्या रक्ताच्या पेशी तर ठीक आहेत,’ असे मी म्हटले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘म्हणूनच तुम्ही इतक्या उशिरा आलात.’

गोळीचा हिशेब मला सुरुवातीला विचित्र वाटला. दिवसाची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि गोळी १००० मायक्रोग्रॅमची. पण जठरात तयार होणारा जो घटक बी-१२ ला आतड्यातून आत नेतो, त्याची क्षमता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवर संपते. त्यापुढच्या मात्रेतले फक्त एक टक्क्याच्या आसपास आपोआप झिरपते. म्हणून जितक्या विरळ गोळ्या, तितकी मात्रा मोठी. ‘वीगन’ हा शब्द ज्या संस्थेने १९४४ मध्ये रूढ केला, ती ब्रिटनमधली वीगन सोसायटीच रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा किमान २००० मायक्रोग्रॅम घेण्याचा सल्ला देते. वीगन आहार ‘नैसर्गिक’ असल्यामुळे गोळी घेणे म्हणजे त्याची हार आहे, असे मानणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त पायांच्या बोटांबद्दल विचारते.

मला डॉक्टरांनी आधी काही आठवडे इंजेक्शने आणि नंतर गोळ्या दिल्या. मुंग्या हळूहळू कमी होत अडीच महिन्यांत गेल्या. डाव्या पायाच्या करंगळीला शेवटपर्यंत येत होत्या. त्यानंतरच्या तपासणीत मिथाइलमॅलोनिक आम्ल पातळीत आले होते.

आता मी वजनकाटा रोज वापरत नाही. हाताला ६० ग्रॅम डाळ कळते आणि टोफूचा तुकडा डोळ्यांनी कापता येतो. दर तीन महिन्यांनी मात्र तीन दिवस पुन्हा वहीत लिहिते, कारण कामाच्या गर्दीत कडधान्य भिजवायचे राहते आणि ताट नकळत पुन्हा भात आणि बटाट्याकडे सरकते, हे मला दोनदा सापडले आहे. गेल्या महिन्यात प्रथिनांची सरासरी ५७ ग्रॅम होती, हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे, वजन ५४ वर स्थिर आहे. फेरिटिन ३१ पर्यंत चढले आहे आणि डॉक्टरांना ते अजून वर हवे आहे, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. या सगळ्यात मला सर्वांत जड गेलेली गोष्ट दूध सोडणे ही नव्हती, दहीही नव्हे. दुपारचे जेवण झाल्यावर चहासाठी घड्याळाकडे पाहत बसण्याचा तो एक तास अजूनही तितकाच लांब वाटतो.